हीट पंप बंद पडला त्या रात्री फोन उचलणाऱ्या दुरुस्तीवाल्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. चारचौघांत कौतुक झालेलं तुम्हाला रुचत नाही, हे त्या एका भेटीतही कळलं. तरी पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण त्या रात्री तुम्ही फोनवर जे सांगितलंत ते फक्त आमच्या घरापुरतं ठेवणं मला बरं वाटत नाही. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून घर तापवणारं यंत्र, आता कितीतरी घरांत आहे. नीट चालतो तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. बंद पडतो तो मात्र बहुधा कडाक्याच्या थंडीत, कारण बाहेरची हवा जितकी गार, तितके तिच्यातून उष्णता ओढून आणायला त्याला जास्त कष्ट पडतात. अशा वेळी घरातल्या माणसाने आधी काय बघावं आणि कशाला हात लावू नये, हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत.

फोन लागताच मी बर्फाचं, आवाजाचं, ब्रेकरचं सगळं एका दमात सांगायला लागले होते. तुम्ही थांबवलंत आणि विचारलंत, "ताई, घरात कोण कोण आहे? लहान मूल, म्हातारं माणूस?" सासूबाई आहेत आणि बाळ आहे म्हटल्यावर तुमचा पुढचा प्रश्न थर्मोस्टॅटवर किती आकडा दिसतो हा होता. मग म्हणालात, "दोघांना एका खोलीत आणा. लहान खोली बघा, पडदे ओढा, दार लावून घ्या. मशीनचं नंतर बघू." रात्रपाळीवर बसलेल्या माणसाने मशीनच्या आधी माणसांची चौकशी करावी, याचं मोल मला आजही शब्दांत नीट मांडता येत नाही.

पुढे मी याबद्दल वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर आणि आरोग्य या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश सेल्सिअस असावेत, असं त्यांत म्हटलं आहे. म्हातारी माणसं, लहान मुलं आणि आजारी असतील त्यांना त्याहूनही जास्त ऊब लागू शकते. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की धोका सुरू होतो. वयस्कर माणूस अडखळत बोलायला लागलं, गोंधळल्यासारखं वागायला लागलं, किंवा बाळ मलूल झालं, दूध घेईना, तर काय करायचं हेही तुम्ही तेव्हाच सांगून ठेवलं होतंत: "मग मला फोन करू नका, आधी डॉक्टरला करा."

त्यानंतर तुम्ही जे विचारलंत ते प्रत्येक हीट पंपवाल्या घरात पाठ असायला हवं. जळका वास येतोय का? धूर किंवा ठिणगी दिसली का? कुठून सतत फुस्स असा आवाज येतोय का? तिन्ही उत्तरं नाही अशी होती. एक जरी हो असतं तर पुढचं काहीच बोलायचं नव्हतं, हे तुम्ही नंतर समजावलंत. जळका वास किंवा धूर आला तर हात पोचत असेल तर मेन स्विच बंद करायचा, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं. सतत फुस्स आवाज येत असेल तर मशीनमधला उष्णता वाहून नेणारा गॅस गळत असण्याची शक्यता असते. काही नव्या मशीनमध्ये आर-३२ असतो, तो थोडाफार पेट घेऊ शकतो. काहींत आर-२९० असतो, म्हणजे चक्क प्रोपेन. घरात गळतीची शंका आली की काडी ओढायची नाही, बटणं चालू-बंद करत बसायचं नाही, दारं-खिडक्या उघडून बाहेर पडायचं. आपल्या मशीनमध्ये कुठला गॅस आहे ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. मी ती पट्टी त्याआधी कधी वाचलीच नव्हती. आता तिचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे.

मग तुम्ही म्हणालात, "फोन बाहेरच्या युनिटजवळ धरा, मला ऐकू दे." हातमोज्यातून फोन धरून मी उभी होते. आतून घूं असा दबका आवाज, थोड्या वेळाने टक, मग शांतता. पंख्याचं पातं जागचं हललं नव्हतं. तुम्ही तेवढ्यावरून ओळखलंत: मोटर सुरू व्हायला बघते आहे पण तिला सुरुवातीचा रेटा मिळत नाही, बहुतेक कपॅसिटर गेला आहे. दुसऱ्या दिवशी तेच निघालं. असं न दिसता, नुसत्या आवाजावरून सांगणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

ब्रेकरबद्दलचा तुमचा नियम मी आता सगळ्यांना सांगते. पडलेला ब्रेकर आधी पूर्ण खाली, मग वर. एकदाच. पुन्हा पडला तर त्याला हात लावायचा नाही. ब्रेकर पडतो तो काहीतरी बिघडलंय म्हणून, आणि तो पुन्हापुन्हा वर करणं म्हणजे तीच बिघडलेली वायर किंवा मोटर पुन्हापुन्हा तापवणं. आमचा दुसऱ्यांदा पडला, तेव्हा तुम्ही लगेच बाहेरच्या युनिटचा स्विच बंद करून ठेवायला लावलात.

आणि बर्फ. युनिट चारी बाजूंनी जाड बर्फात गेलं होतं, वरची जाळीसुद्धा दिसत नव्हती. घरात एकाने तोवर हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर काढून ठेवला होता. तुमचा आवाज त्या सगळ्या संभाषणात एकदाच चढला, तो इथे. युनिटमधल्या कॉईलवरच्या, म्हणजे गॅसच्या नळ्यांच्या वेटोळ्यावरच्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या नखानेही वाकतात. मागच्या नळीला एक भोक पडलं की सगळा गॅस बाहेर, आणि मग एका छोट्या भागाचं काम कॉईल बदलण्यावर जातं. उकळतं पाणीही ओतायचं नाही. हाताने निघेल तेवढा भुसभुशीत बर्फ आजूबाजूचा काढा, वरून पन्हाळीचं पाणी ठिबकत असेल तर ते अडवा, बाकीचं राहू दे.

"आता ऊब करू," असं म्हणून तुम्ही मला थर्मोस्टॅटकडे नेलंत. त्यावर इमर्जन्सी हीट हा पर्याय आहे हे मला माहीत होतं, पण तो कधी लावायचा हे नाही. त्याने बाहेरचं युनिट पूर्ण बाजूला राहतं आणि आतल्या विजेच्या हीटरवर घर तापतं. त्या हीटरचा ब्रेकर वेगळा असतो, म्हणून बाहेरचा बंद ठेवूनही तो चालतो. वीज जास्त लागेल हेही तुम्ही आधीच सांगितलंत. हीट पंप एक युनिट विजेत साधारण दोन ते चार युनिट उष्णता घरात आणतो, कारण तो ती बनवत नाही, बाहेरून उचलून आणतो. हीटर एका युनिटला एकच देतो. एक-दोन रात्रींसाठी ते चालतं. मात्र दिवसेंदिवस तसंच ठेवलं तर बिल आल्यावर धक्का बसतो, आणि कित्येकांना तो बसेपर्यंत आपला पंप बंद आहे हेच कळत नाही, कारण घर तर गरम असतं. म्हणून तो इमर्जन्सीचा दिवा पेटलेला दिसला की कारण शोधायचं, हेही तुमच्याकडूनच शिकले.

सगळ्या घरांत असा हीटर नसतो. तिथे सुटा हीटर लावायची वेळ येते. तो थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायचा, एक्सटेन्शन बोर्डावर नाही, आणि पांघरुणं, पडदे, कपडे त्याच्यापासून निदान मीटरभर लांब ठेवायचे. आमच्याकडे तर कुणीतरी कोळशाची शेगडी आत आणायचं बोलून गेलं. तुम्ही ते फोनवरून ऐकलंत आणि म्हणालात, "ताई, ते अजिबात नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस उठत नाही." थंडीने माणूस दगावेल या भीतीने लोक अशी शेगडी पेटवतात आणि थंडीपेक्षा मोठं संकट घरात आणतात. त्या एका वाक्यासाठी वेगळे आभार मानले तरी कमीच आहेत.

सकाळी तुम्ही आलात. झाकण काढलंत, वीज बंद असल्याची मीटरने खात्री केलीत, मग कपॅसिटरमधला उरलेला विद्युतभार आधी उतरवलात. "वीज तोडली तरी हा धरून ठेवतो, म्हणून हे झाकण घरच्यांनी उघडायचं नाही," असं म्हणत तो माझ्यासमोर धरलात. मुठीत मावेल एवढा चंदेरी डबा. त्याचं वरचं सपाट झाकण फुगून घुमटासारखं झालं होतं, आणि एका कडेला तेलाचा चिकट ओघळ. पंखा आणि गॅस दाबून फिरवणारा कंप्रेसर, दोघांनाही तोच एक भाग रेटा देतो. आधी पंखा थांबला, म्हणून कॉईलवरून हवा वाहीना आणि बर्फ साचत गेला. मग कंप्रेसरही सुरू होईना आणि ब्रेकर पडला. एका छोट्या डब्यापायी घडलेली ही साखळी तुम्ही शेजारी उभं करून मला एकेक कडी दाखवत समजावलीत. घाई करून निघून जाता आलं असतं. बाहेर थंडी तीच होती.

जाताना तुम्ही ज्याला घाबरायचं नाही ते सांगून गेलात, आणि त्या हिवाळ्यात तेच सर्वांत जास्त उपयोगी पडलं. कॉईलवर पांढरा पातळ थर बसणं नेहमीचं आहे. अधूनमधून पंखा थांबेल, फुस्स असा एक आवाज होईल, युनिटमधून वाफेचा लोट उठेल, खाली पाणी ठिबकेल. तो डीफ्रॉस्ट. गॅसची दिशा उलटवणारी झडप फिरवून मशीन थोडा वेळ गरम गॅस बाहेरच्या कॉईलकडे पाठवतं आणि बर्फ वितळवतं. साधारण दहा मिनिटांत संपायला हवं. वाफ बघून धूर समजू नका; धुराला वास असतो. डीफ्रॉस्ट होऊनही बर्फ उतरत नसेल, थर जाड होत जाऊन जाळी झाकली जात असेल, तर मात्र बंद करून फोन करा. घरातल्या जाळीतून येणारी हवा हाताला कोमट लागते म्हणूनही लोक घाबरतात. ती भट्टीसारखी कडक कधीच लागणार नाही. घर ठरवलेल्या आकड्याला पोचतंय आणि टिकतंय ना, एवढं बघायचं. बटण बंद करून लगेच लावलं तर कंप्रेसर काही मिनिटं मुद्दाम थांबतो, तेही त्याच्या भल्यासाठीच.

काही बिघाड सकाळपर्यंत थांबू शकतात: एखादी पत्र्याची खडखड, एकाच खोलीत ऊब कमी, फिल्टर भरल्यामुळे मंदावलेली हवा. धातूवर धातू घासल्याचा आवाज थांबू शकत नाही. तो आला की मशीन बंद. दर काही मिनिटांनी चालू-बंद होत राहिलं तर तेही तसंच सोडून द्यायचं नाही. लांबलचक वीज गेली असेल आणि बाहेर कडक थंडी असेल, तर वीज आल्याआल्या कंप्रेसर चालवू नका, काही तास नुसता वीजपुरवठा मिळू द्या, तोवर इमर्जन्सी हीट वापरा, कारण थंडीत गॅस कंप्रेसरच्या तेलात मिसळून खाली बसतो आणि तो निघायला वेळ लागतो, असंही तुम्ही म्हणाला होतात. किती तास ते मशीनच्या पुस्तकात असतं.

माझ्या मैत्रिणीकडे पाणी तापवून जमिनीखालच्या नळ्यांत फिरवणारा पंप आहे. तिच्यासाठी मी तुम्हाला पुन्हा त्रास दिला. तिने रोज प्रेशरचा काटा बघावा, गार असताना तो साधारण एक ते दीड बारच्या आसपास असतो. तो सारखा उतरत असेल तर कुठेतरी पाणी गळतंय. आणि बाहेरच्या युनिटमधून पाणी जात असेल तर गोठवणाऱ्या थंडीत वीज गेल्यावर त्या नळ्या फुटू शकतात, तेव्हा अँटीफ्रीझ किंवा गोठणरोधक झडप आहे का ते तिने आधीच विचारून ठेवावं. तुमच्या या दोन वाक्यांनी तिने हिवाळ्याआधी माणूस बोलावला. तिच्याकडूनही आभार.

उन्हाळ्यात हेच यंत्र घर थंड करतं, तेव्हा आतल्या कॉईलवर बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा आणि फिल्टर बघायचा, हेही मी लिहून ठेवलंय. गॅस कधी "संपत" नाही, गळतो. म्हणून गळती न शोधता दरवर्षी नुसता गॅस भरून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचं, हे तुमचं वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय.

आता मेन बोर्डाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर मशीनचा मॉडेल नंबर, गॅसचं नाव, कुठला ब्रेकर कशाचा, स्क्रीनवर बिघाडाचा कोड दिसला तर तो कुठे लिहायचा, आणि तुमचे ते प्रश्न, तुम्ही विचारलेत त्याच क्रमाने. वरची पहिली ओळ आहे, "घरात कोण कोण आहे?" सासूबाईंनी ती मोठ्या अक्षरांत लिहायला लावली. त्यांनी तुम्हाला आशीर्वाद सांगितले आहेत. तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांनाही तुम्ही फोनवर असंच बोलायला शिकवत असाल, अशी माझी खात्री आहे, आणि नसाल तर कृपा करून शिकवा.

मनापासून आभार.

तुमची कृतज्ञ,
त्या रात्री फोन करणारी ताई