तिकीट कुणाला द्यायचं, हे तुला विचारतायत

एडिसन, न्यू जर्सी
23 फेब्रुवारी 2020

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या नेवाडाच्या निकालावरून तुझं आणि बाबांचं फोनवर इतकं जुंपलं की मला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही. फोन ठेवताना तू विचारलंस, "आई, मग मी मत देऊ तरी कुणाला?" तेव्हापासून डोक्यात तेच आहे. फोनवर पुन्हा वाद होईल, म्हणून लिहूनच पाठवतेय.

आधी कामाचं. तू म्हणालास की टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाचा रकानाच नाही. छपाईची चूक नाही ती. लायसन्स काढताना तू पक्षाच्या जागी 'कुठलाच पक्ष नाही' असं लिहिलंस, म्हणून तुला तशी पत्रिका आली. कॅलिफोर्नियात अशा मतदाराला डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या मतदानात, मत देता येतं, पण त्यासाठी त्यांची पत्रिका मागून घ्यावी लागते. तुमच्या सांता क्लारा काउंटीत कालपासून मतदान केंद्रं उघडली आहेत. घरी आलेली पत्रिका घेऊन त्यांतल्या कुठल्याही केंद्रावर जा आणि ती बदलून माग. कुणी आपणहून देईल याची वाट बघू नकोस.

आणि लगेच उद्या जाऊ नकोस. शनिवारी साउथ कॅरोलायनाचा निकाल लागेल. तोवर रिंगणात कोण राहतंय आणि कोण बाहेर पडतंय, ते बघ. तुमच्या पत्रिकेवर वीस नावं छापलेली आहेत. त्यांतल्या आपल्या न्यू जर्सीच्या कोरी बुकरांनी जानेवारीतच माघार घेतली आणि अँड्र्यू यांग न्यू हॅम्पशायरच्या रात्री थांबले, तरी दोघांची नावं तशीच आहेत. फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच ज्यांनी यांगला मत देऊन लिफाफा पेटीत टाकला, त्यांना तो परत मिळणार नाही. तू रविवारी किंवा सोमवारी जा. 3 मार्चची, म्हणजे मतदानाच्या शेवटच्या दिवसाची, गर्दीही टळेल.

आता तुझा खरा प्रश्न.

अण्णांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, साताऱ्याकडे उभं आयुष्य एका पक्षाचं काम केलं. भिंती रंगवल्या, सभेच्या सतरंज्या घातल्या आणि उचलल्या, मतदारयादी हातात घेऊन वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. पण तिकीट कुणाला द्यायचं, हे त्यांना कधीच कुणी विचारलं नाही. ते मुंबई-दिल्लीत ठरायचं. अर्ज भरायची मुदत संपत आली की एबी फॉर्म घेऊन कुणीतरी गाडीतून उतरायचं, आणि आपला उमेदवार कोण ते तेव्हा तालुक्याला कळायचं. ज्याच्यासाठी महिनाभर घसा कोरडा केला त्याचा पत्ता कट झालेला असायचा. दुसऱ्या दिवशी अण्णा नव्या माणसाचा प्रचार सुरू करायचे. ते कधी कुरकुरले नाहीत, पण जेवताना गप्प असायचे.

इथेही ही गोष्ट फार जुनी नाही. 1968 मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, कारण शिकागोच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे बहुतेक प्रतिनिधी पक्षातल्या बड्यांच्या मुठीत होते. बाहेर रस्त्यावर व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारी तुझ्या वयाची पोरं पोलिसांच्या लाठ्या खात होती. त्या संतापातून नियम बदलले आणि 1972 पासून उमेदवार ठरवण्याचं काम खऱ्या अर्थाने मतदारांकडे आलं. अगदी 2016 पर्यंत मतदारांनी न निवडलेले, सुपरडेलिगेट म्हणवणारे नेते पहिल्याच फेरीत आपलं वजन टाकू शकत होते. यंदा त्यांना तसं करता येणार नाही, 3,979 निवडून आलेल्या प्रतिनिधींपैकी 1,991 ज्याच्याकडे, तो उमेदवार. अण्णांना जे आयुष्यभर मिळालं नाही ते तुला पंचविशीच्या आत मिळतंय, आणि तू म्हणतोस, "बाबा सांगतील त्याला देऊन टाकतो." मला ते लागलं.

बाबांचं म्हणणं तुला पाठ आहे: ट्रम्पला हरवू शकेल त्यालाच मत द्यायचं, बाकी सगळं नंतर. त्यांची भीती खरी आहे. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून 80 हजारांहूनही कमी मतांनी 2016 ची निवडणूक गेली, हे ते अजून विसरलेले नाहीत. पण कोण हरवू शकेल, हे ओळखायचं कसं? 2004 मध्ये जॉन केरींना लोकांनी याच हिशेबाने पुढे केलं. युद्धात लढलेला माणूस, बुशसमोर टिकेल म्हणाले. टिकले नाहीत. 2007 सरत आलं तरी राष्ट्रीय चाचण्यांत हिलरी क्लिंटन बऱ्याच पुढे होत्या, आणि गोरे लोक ओबामांना मत देणार नाहीत असं कितीतरी कृष्णवर्णीय मतदारांनाच वाटत होतं. मग सगळ्यांच्या आधी मत देणाऱ्या आयोवाने ओबामांना निवडलं आणि महिन्याभरात हवा फिरली. खुद्द ट्रम्प निवडून येतील असं 2015 मध्ये आपल्या मंडळात कोण म्हणत होतं?

जो तो शेजाऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधतो, आणि शेजारी त्याच्या मनाचा. अशाने ज्याला कुणीच मनापासून निवडलेलं नाही असा उमेदवार उभा राहतो. नोव्हेंबरात दोनच नावं समोर असतील, तेव्हा हिशेब कर, मीही करीन. प्रायमरीत मात्र पक्ष तुला विचारतोय की तुला कोण हवं. त्याचं उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या कुण्या अनोळखी माणसाच्या वतीने देऊ नकोस.

एक हिशेब मात्र जरूर कर, 15 टक्क्यांचा. त्याहून कमी मतं मिळाली तर प्रतिनिधी मिळत नाहीत. न्यू हॅम्पशायरमध्ये वॉरन चौथ्या आणि बायडेन पाचवे आले, दोघांनाही भोपळा. चोवीसच्या चोवीस प्रतिनिधी सँडर्स, बुटिजेज आणि क्लोबुशार यांच्यात वाटले गेले. कॅलिफोर्नियाच्या 415 पैकी 271 प्रतिनिधी काँग्रेसच्या 53 मतदारसंघांत विभागलेले आहेत आणि तिथे 15 टक्के त्या-त्या मतदारसंघापुरते मोजतात. म्हणजे राज्यात कमी पडलेला उमेदवारसुद्धा तुमच्या सनीवेलच्या भागात प्रतिनिधी मिळवू शकतो. तुमचे खासदार रो खन्ना सँडर्स यांच्या प्रचाराचे सह-अध्यक्ष आहेत, तेव्हा तुमच्याकडे त्यांचा जोर असणारच. तुझ्या आवडीचा उमेदवार 15 च्या आसपास असेल तर तुझ्या मताची किंमत वाढते, आणि पाचावर अडकला असेल तर दुसरी पसंती मनात तयार ठेव.

माझं मन कुणाकडे आहे तेही सांगते, लपवायचं कशाला? एलिझाबेथ वॉरन.

मी दिवसभर काय करते ते तुला माहीत आहे. बिलं. गेल्या आठवड्यात एक बाई आल्या, हातात किराण्याची कागदी पिशवी, आणि तीत न फोडलेले लिफाफे. नवऱ्याला रात्री छातीत दुखलं, अँब्युलन्स बोलावली. हॉस्पिटल विम्याच्या यादीत होतं, पण भूल देणारा डॉक्टर नव्हता आणि अँब्युलन्सही नव्हती. विमा असून ही गत. त्या पाकिटं फोडायलाच घाबरत होत्या. आम्ही दोघींनी मिळून एकेक फोडलं आणि तारखेप्रमाणे लावलं. अशी कुटुंबं पुढे दिवाळखोरीच्या कोर्टापर्यंत कशी पोचतात, याचा अभ्यास वॉरनबाईंनी राजकारणात येण्याच्या कितीतरी आधीपासून केला. 2005 मध्ये दिवाळखोरीचा कायदा कडक होत होता, तेव्हा त्या हार्वर्डच्या प्राध्यापक म्हणून सिनेटच्या समितीपुढे त्याविरुद्ध बोलल्या. त्याच समितीत बायडेन त्या कायद्याच्या बाजूने होते. पुढे ग्राहकांना सावकारी कंपन्यांपासून वाचवणारा जो विभाग 2010 च्या कायद्याने उभा राहिला, त्याची मूळ कल्पना त्यांचीच. बुधवारी लास व्हेगासच्या वादविवादात त्यांनी अब्जाधीश उमेदवार ब्लूमबर्गना कसं सरळ केलं ते तू पाहिलंस, पण मला त्याहून 2005 ची ती साक्ष महत्त्वाची वाटते. तेव्हा त्यांना कुणाचं मत मागायचं नव्हतं.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. सगळ्यांना सरकारी विमा द्यायच्या योजनेत गेल्या नोव्हेंबरात त्यांनी पूर्ण कायदा कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत लांबवला, तेव्हा मी जरा नाराज झाले. सँडर्स या बाबतीत तसूभर हललेले नाहीत. 1981 मध्ये दहा मतांनी बर्लिंग्टनचे महापौर झालेला हा माणूस आजही तेच बोलतो, आणि तुला ते आवडतं हे मला कळतं. ऑक्टोबरात हार्ट अटॅक आला, वय 78, हेही लक्षात घे. बाबांच्या बायडेनकडे आठ वर्षं उपाध्यक्षपदाचा अनुभव आहे, आणि दुःख पचवलेला माणूस आहे तो. तू यांतल्या कुणालाही मत दिलंस तरी मला वाईट वाटणार नाही. फक्त ते मत तुझं असू दे. उमेदवाराने मतं मागायला निघण्याआधी, कॅमेरा नसताना, कुणासाठी काय केलं ते शोध. भाषणं नंतर ऐक.

आणि एक कर. तुझ्याबरोबर राहणारे ते दोघं, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेले. ग्रीन कार्डच्या रांगेत त्यांची किती वर्षं जातील कोण जाणे, पण टॅक्स तुझ्याइतकाच भरतात. मत द्यायच्या आधी एकदा त्यांना जेवायला बसव आणि विचार, त्यांना कोण हवं आणि का. त्यांच्या आयुष्याचा निर्णय जे घेणार ते तुझ्या मताने येणार आहेत.

आमची पाळी 2 जूनला. 2016 मध्ये आम्ही 7 जूनला मत द्यायला गेलो, तर आदल्या संध्याकाळीच बातम्यांत क्लिंटनना लागणारे प्रतिनिधी मिळाल्याचं जाहीर झालेलं. तुमचं कॅलिफोर्नियाही तेव्हा आमच्याच दिवशी होतं. यंदा ते मार्चमध्ये आलंय, म्हणून तुझी एवढी पाठ धरलीय. बाबांना हे पत्र वाचून दाखवलं. त्यांनी बायडेनबद्दल आणखी दोन ओळी लिही म्हणून सांगितलंय; त्या तेच फोनवर सांगतील.

तुझी,
आई

ता. क. त्याच पत्रिकेवर प्रपोझिशन 13 आहे, शाळांच्या इमारतींसाठी 15 अब्ज डॉलरचे कर्जरोखे. ते घरूनच वाचून जा. आणि केंद्रावर मत न देता पत्रिका घरी आणून टपालाने पाठवलीस, तर लिफाफ्यावर सही कर आणि 3 मार्चपर्यंतचा शिक्का पडेल अशा बेताने टाक.