भंगारातील तांबे लोखंडात जाऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊर्जेच्या नव्या साधनांविषयी वृत्तपत्रांतून जे लिखाण येते, त्यात लिथियम आणि कोबाल्ट यांची चर्चा भरपूर असते; तांब्याचा उल्लेख मात्र ओझरता येतो, बहुधा हा धातू फार जुना आणि ओळखीचा आहे म्हणून. वास्तविक विजेवर चालणारी गाडी असो, पवनचक्की असो की साधा पंखा, त्यांच्या आत वीज खेळते ती मुख्यतः तांब्यातूनच. या धातूची जी नासाडी होते तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही, असे धातुशास्त्राचा अध्यापक म्हणून मला तीव्रतेने वाटते.

तांब्याचा अणुक्रमांक २९. त्याच्या अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. धातूत तो कोणत्याही एका अणूला बांधलेला राहत नाही, आणि वीज व उष्णता या दोहोंच्या वहनात चांदीखालोखाल तांब्याचा क्रम लागतो. विद्युतवाहकतेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९१३ साली ठरले, तेव्हा तापवून मऊ केलेले तांबेच शंभर टक्के मानले गेले. त्या मापाने ॲल्युमिनियम साठ टक्क्यांच्या आसपास भरते. वजनाला हलके असल्यामुळे उंच मनोऱ्यांवरील तारांसाठी ते योग्यच आहे, पण विद्युत मोटारीच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे आतील तारेच्या वेटोळ्यांत, जागा मोजकी असते आणि तेथे तांबेच सरस ठरते.

हा गुण शुद्धतेवर अवलंबून असतो. फॉस्फरस टक्क्याच्या काही शतांश भागाइतका जरी मिसळला, तरी वाहकता बरीच उतरते. म्हणून भट्टीतून आलेल्या तांब्याचे जाड पत्रे मोरचूद आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्या द्रावणात धनाग्र म्हणून टांगतात. वीज सोडली की पत्रा हळूहळू विरघळतो आणि समोरच्या ऋणाग्रावर ९९.९९ टक्के शुद्ध तांब्याचा थर चढत जातो. लोखंड व निकेल द्रावणातच राहतात, तर सोने आणि चांदी न विरघळता टाकीच्या तळाशी गाळ होऊन बसतात.

एवढ्या खटाटोपाने मिळणारा हा धातू खडकात मात्र फार विरळ असतो. आज खणल्या जाणाऱ्या पुष्कळ खडकांत तांबे एक टक्काही नसते, म्हणजे एक टन तांब्यासाठी शंभर टनांहून अधिक खडक फोडून दळावा लागतो. उलट टाकून दिलेल्या सर्किट बोर्डांत तांब्याचे प्रमाण याच्या कितीतरी पट असते. तांबे हे मूलद्रव्य असल्यामुळे वापराने ते संपत नाही आणि नीट शुद्ध केले तर मूळच्याच गुणांनिशी पुन्हा हाती येते.

अडचण येते ती सरमिसळीमुळे. जुन्या गाड्या यंत्रात घालून तुकडे केले जातात, तेव्हा छोट्या मोटारी आणि तारा यांतील काही तांबे लोखंडाच्या ढिगात जाते. पोलाद बनवण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेत ते बाहेर काढता येत नाही. असे पोलाद लाटण्यासाठी तापवले की पृष्ठभागावरील लोखंडाचा आधी गंज होतो, तांबे त्याखाली साचत जाते, १०८५ अंश सेल्सियसला वितळते आणि पोलादाच्या कणांमधल्या सीमांत शिरून त्याला भेगा पाडते. तांबे तर गेलेच, वर पोलादही बिघडले!

दुसरी वाईट रीत तारा उघड्यावर जाळण्याची. पीव्हीसीचे आवरण जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो आणि डायॉक्सिनसारखी घातक द्रव्येही तयार होतात. त्यांच्या निर्मितीला खुद्द तांबेच उत्प्रेरक म्हणून हातभार लावते. त्या धुरात उभा राहणारा माणूस बहुधा सर्वांत गरीब असतो, ही गोष्ट मला विशेष खुपते. तारा बारीक कापून धातूचे दाणे आणि प्लास्टिक वेगळे करणारी यंत्रे उपलब्ध असताना हे चालू राहण्याचे कारण नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, उपकरणांची व वाहनांची रचनाच अशी असावी की मोटार आणि तारांचा जुडगा तुकडे करण्यापूर्वी सहज सुटा करता यावा, आणि पुनर्वापराचे नियम करताना केवळ एकूण किती वजन परत आले हे न पाहता त्यातील तांबे तांबे म्हणून किती परत आले, याचीही नोंद बंधनकारक करावी. वजनाच्या हिशेबात लोखंडात हरवलेले तांबेही ‘परत मिळाले’ असेच मोजले जाते. आपल्या दैनिकाने या प्रश्नावर जाणकारांकडून सविस्तर लिहवून घ्यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक