चिठ्ठीविना विकले जाणारे डोळ्यांचे थेंब : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

महोदय, स. न. वि. वि.

ऊन तापू लागलं की निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडच्या मेडिकल दुकानांत एक मागणी ठरलेली असते. "पोराचे डोळे लाल झालेत, खाजवून खाजवून हैराण आहे, काहीतरी चांगलं द्या." दुकानदार बाटली काढून देतो. संध्याकाळपर्यंत लाली उतरते, आणि पुढच्या वेळी तीच रिकामी बाटली घेऊन आई दुकानात येते. निवृत्त होईपर्यंत मी सरकारी दवाखान्यात नेत्र सहाय्यक होतो. त्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचणं हे माझं कामच होतं. बऱ्याचदा त्यावर डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असायचं, म्हणजे स्टेरॉइड, सूज आणि लाली झटपट दाबणारं औषध. कधी अँटिबायोटिकसोबत मिसळलेलं, त्यामुळे घरच्यांना ते 'इन्फेक्शनचं औषध' वाटायचं.

तंबाखूच्या वखारीतली धूळ, पावसानंतर बांधावर माजणारं काँग्रेस गवत, रस्त्यांची कोरडी माती: डोळ्यांच्या ॲलर्जीला आमच्या भागात निमित्तांची कमी नाही. मुलांमध्ये, त्यातही मुलग्यांमध्ये, तिचा एक चिवट प्रकार दिसतो. दर उन्हाळ्यात उलटतो, उजेड सहन होत नाही, डोळ्यांतून दोऱ्यासारखा चिकट स्राव येतो. वयात आल्यावर हा आजार बहुतेकांचा आपोआप ओसरतो. पण तोवर वर्षानुवर्षं स्टेरॉइडचे थेंब पडत राहिले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, आणि दाब वाढताना पोराला काहीच दुखत नाही. उसाचं पान लागून बुबुळाला बुरशी झाली असेल तर हेच थेंब ती बुरशी वाढवतात आणि डोळ्यात फूल पडतं.

स्टेरॉइड वाईट नाही. आजार बळावला की नेत्रतज्ज्ञ ते थोडे दिवस देतात, दाब तपासतात, हळूहळू कमी करतात. चिठ्ठीचा अर्थ एवढाच. १९४५ च्या औषध नियमांनुसार अनुसूची एचमधली औषधं, ज्यांत हे स्टेरॉइडही येतात, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, त्यामुळे नवा कायदा मागायची वेळच नाही.

पण नुसत्या धाडींनी काम होणार नाही, असं मला वाटतं. दुकानदाराकडे लोक जातात कारण आरोग्य केंद्रात डोळ्यांचा डॉक्टर नसतो आणि बेळगावला जायचं म्हणजे एक रोज बुडतो. म्हणून आधी ओलोपॅटाडिनसारखे ॲलर्जीचे स्टेरॉइडविरहित थेंब प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम ठेवा, निदान फेब्रुवारी ते जून. साध्या ॲलर्जीत हे थेंब आणि थंड पाण्याच्या घड्या बहुतेकांना पुरतात. उरलेल्यांसाठी ठरलेल्या दिवशी तालुका रुग्णालयात दाब मोजायची सोय करा. शाळांत तपासणीला जाणाऱ्या पथकांना एक प्रश्न वाढवून द्या: हा थेंब कधीपासून घालतोस? आणि मग दुकानं तपासा.

तपासणी करताना महाराष्ट्राची सरहद्दही लक्षात घ्या. निपाणीहून कागल जवळ, संकेश्वरहून गडहिंग्लज जवळ. इथे मिळालं नाही तर माणूस तिकडे जातो. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो लागेल तेव्हा लागेल. दोन्हीकडच्या औषध निरीक्षकांनी एकमेकांना फोन करायला तरी निकालाची वाट बघावी लागू नये.

शेवटची मागणी कागदाची. थेंबांसोबत कन्नड आणि मराठी, दोन्हींत छापलेलं एक माहितीपत्रक द्या. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत देण्याचं धोरण जुनंच आहे. मजकूर मोठा नको. हात धुवा, एकच थेंब घाला, बाटलीचं टोक पापणीला लावू नका. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटं थांबा. उघडलेली बाटली महिन्याने टाका, भावाची बहिणीला घालू नका. दुखू लागलं किंवा अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हे पत्र उन्हाळ्याआधी वाचलं जावं, एवढ्यासाठी आत्ता लिहितो आहे. थेंबांची खरेदी मार्चमध्ये सुरू केली तर ते केंद्रात पोचेपर्यंत शाळांना सुट्टी लागलेली असेल.

आपला,
एक निवृत्त नेत्र सहाय्यक, निपाणी