खाजं आणलंत त्याबद्दल, आंटी

आंटी, तुम्ही फेसबुक बघत नाही हे माहितीये, सुनेकडून वाचून घ्या.

आई गेली तेव्हा दफनाचं विचारायला गेलेल्या दादाला चर्चच्या ऑफिसातल्या माणसाने आधी जुनी वर्गणी राहिलीय ते ऐकवलं, तेव्हापासून त्याने चर्चची पायरी सोडली. मग आमच्या नातेवाइकांनी त्याला परत आणायचा जो काय विडा उचलला, देवा रे! सकाळी उठल्याउठल्या व्हॉट्सॲपवर नरकाचे व्हिडिओ, फोन केला की "ईस्टरला तरी गेलास का", आणि 2024च्या डिसेंबरात गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, शवप्रदर्शनाला तर वसईहून अख्खी गाडी करून आले, आमच्याकडेच उतरले, दहा वर्षांनी योग येतो आणि तू गोंयच्या सायबाच्या दर्शनाला येत नाहीस म्हणजे काय म्हणून त्याच्या डोक्यावर बसले. तो किचनमध्ये चहा गाळत राहिला. गेला नाही तो नाहीच.

तुम्हीही त्याच दिवशी जुन्या गोव्याला गेला होतात. सी कॅथेड्रलच्या त्या रांगेत उभं राहून पाय सुजलेले, तरी येताना आमच्या दारात थांबलात आणि दादाच्या हातात खाज्याची, जत्रेतल्या त्या गूळ-आल्याच्या खाऊची, पुडी दिलीत. "हें घे पुता, फेरीतलें." बस. का आला नाहीस, नाही विचारलं. त्याने पुडी फोडली, आलं जास्त झालंय म्हणाला, तुम्ही म्हणालात जास्तच पाहिजे, आणि खुर्ची ओढून बसलात. मग विचारलंत, "तुजी आवय कशी आशिल्ली रे?"

आंटी, तुझी आई कशी होती, हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं. दफन, खर्च, महिन्याचा मिस्सा, सगळ्यावर लोक बोलले. तो आधी नुसता खाजं चावत बसला आणि मग जो सुरू झाला, ती पहाटे भाजी घेऊन दादरला कशी जायची, लोकलमध्ये उभ्याउभ्या रोझरी कशी करायची, मला पण माहीत नव्हत्या अशा गोष्टी. तुम्ही उठलात तेव्हा बाहेर काळोख झालेला.

मे महिन्यात खुरसाकडे, म्हणजे वाड्यावरच्या क्रुसापाशी, लादाईन ही गाऊन करायची प्रार्थना होती तेव्हा बल्ब लागत नाही म्हणून त्याला हाक मारलीत. खरंच लागत नव्हता की तुम्हीच सैल केलेला, ते मी विचारणार नाही. बल्ब लावून निघेल असं वाटलेलं, पण व्हायोलिन सुरू झालं, ते लॅटिनमधलं सगळं, आणि तो स्कूटरला टेकून शेवटपर्यंत थांबला, चणे खाऊन आला. आता रविवारी मागच्या बाकावर बसतो. कन्फेशन, म्हणजे फादरकडे पापांची कबुली, अजून केलेलं नाही म्हणून कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठत नाही, नुसते गुडघे बाजूला घेतो, आणि तुम्ही त्याच्याकडे न बघता पुढे जाता. हे न बघणं किती जणांना जमतं? आमच्या मामीला तर नाही जमणार.

पोप फ्रान्सिस 2013 मध्ये एका मुलाखतीत म्हणालेले की चर्च हे लढाईनंतरच्या फिल्ड हॉस्पिटलसारखं हवं, जखमी माणसाला आधी कोलेस्टेरॉल विचारत बसायचं नसतं. तुम्ही ती मुलाखत वाचली नसणार, तुम्हाला गरजच नाही. त्या वर्गणीवाल्याला मात्र प्रिंट काढून द्यावीशी वाटते.

आणि तुमचा धाकटा तिकडे इंग्लंडात चर्चला जात नाही म्हणून तुम्हाला किती लागतं ते मला माहितीये. मी त्याला काही फॉरवर्ड करणार नाही. माझी मैत्रीण पुढच्या महिन्यात तिकडे चाललीय, तिच्याकडे त्याच्यासाठी खाजं देते, तेवढा त्याचा पत्ता पाठवा.