ईस्ट कर्कबीला जाण्याआधी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, बँडवर ऐकलेली जी धून तुम्ही विचारलीत ती एरिक कोट्सची, ‘डॅम बस्टर्स मार्च’. गाजली 1955च्या सिनेमामुळे. पण सिनेमावाले विचारायला आले तेव्हा कोट्सकडे ती जवळजवळ तयारच होती. तो सिनेमा ज्या मोहिमेवर आहे तीत, मे 1943 मध्ये, ब्रिटिशांची 19 लँकेस्टर बॉम्बर विमानं 133 जणांना घेऊन जर्मनीतली धरणं फोडायला गेली. 8 परतली नाहीत, 53 जण मारले गेले. खाली पुरात बुडाले त्यांत वेठीला धरून आणलेले परदेशी मजूरही पुष्कळ होते. धुनेत यातलं काही येत नाही, ती आपली छाती फुगवते. म्हणून तुम्ही इथे आलात की लिंकनशरमधल्या ईस्ट कर्कबी गावी जाऊ.

युद्धात तिथे ब्रिटिश हवाई दलाच्या 57 आणि 630 या बॉम्बर स्क्वाड्रनांचा तळ होता. पुढे पँटन बंधू त्याच जमिनीवर शेती करत. त्यांचा थोरला भाऊ मार्च 1944च्या न्यूरेंबर्गवरच्या हल्ल्यात मारला गेला. त्या एका रात्रीत ब्रिटिशांची 95 विमानं पडली. भावाच्या आठवणीसाठी त्यांनी अख्खं लँकेस्टर आणलं, ‘जस्ट जेन’, आणि इंजिनं चालती ठेवली.

ओझरला मिग जोडण्यात तुमचं आयुष्य गेलं, तेव्हा इंजिन सुरू करताना नीट बघा. चार मर्लिन इंजिनं, प्रत्येकी 12 सिलिंडर, 27 लिटर. पद्धत अशी की आधी उजवीकडचं आतलं सुरू करायचं, कारण ब्रेकला हवा देणारा कंप्रेसर त्याच्यावर. प्रायमिंग, म्हणजे सुरू करण्याआधी आत सोडलेलं इंधन, जास्त झालं तर एक्झॉस्टमधून ज्वाळा निघतात; घाबरू नका. मागचं चाक नुसतं वळतं, त्याला स्टिअरिंग नाही. त्यामुळे जमिनीवर वळायचं ते बाहेरच्या इंजिनांचा थ्रॉटल कमीजास्त करून, जोडीला ब्रेक. रेडिएटरला वाऱ्याचा झोत मिळत नाही, म्हणून फार रेंगाळलं तर कूलंट तापतं, आणि मंद फिरत ठेवलं तर प्लग काळे पडतात. विमानाची ही जमिनीवरची फेरी छोटी असते ती यामुळेही.

फेरीत आत बसायचं म्हणालात, तर गुडघ्यांचा विचार करा. दार मागे उजवीकडे, शिडीने चढायचं. पुढे जाताना पंखांचा मुख्य स्पार, म्हणजे पंख पेलणारी तुळई, आडवा येतो, तो ओलांडावाच लागतो. उंबरठा नव्हे, मांडीपर्यंत येतो. सातांपैकी पाच माणसं जाड कपडे घालून हा अंधारात ओलांडत. शेपटीकडचा गनर तर पॅराशूट बाहेर अडकवून ठेवी, टरेटमध्ये, म्हणजे बंदुकांच्या फिरत्या कोठडीत, ते मावतच नसे. आग लागली की दार उघडून आधी ते शोधायचं. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विमानांची शाखा, म्हणजे बॉम्बर कमांड, तिचे 55,573 जण युद्धात मेले, तो आकडा मला ती जागा बघितल्यावर कळला.

आई, तू कुंपणापाशी बस, तिथून सगळं दिसतं. बाबांनी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवायचं आणि कानात बोळे घालायचे, हे तू बघ. तिथे मोकळं रान आहे, वारा झोंबतो. जूनमध्येही स्वेटर आणि बंद बूट हवेत. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी विमान उघडलेलं असतं, म्हणून उन्हाळ्यातच जाऊ. आतल्या जागा मोजक्याच असतात. बाबांचं काय ते रविवारच्या फोनवर सांगा, म्हणजे मी लगेच चौकशी करते.

तुमची,
मनू