पुढचा नंबर कोणाचा, हे सांगण्याआधी कागद कुठे आहे ते सांगा

मा. संपादक,
स. न.

2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकारी नोकरी देतो म्हणून पैसे उकळल्याच्या तक्रारी गोव्यात एकामागून एक नोंद झाल्या. तेव्हापासून 'आत कोण जाणार' ही गजाल थांबलेली नाही. तिंट्यावर, म्हणजे गावच्या नाक्यावर, ती चालायचीच. पण 'बड्या नेत्याचे नाव पुढे' असा मथळा आला की वाचकाला खटला उद्याच उभा राहील असे वाटते. तसे का होत नाही, ते सविस्तर लिहितो.

या तक्रारींतला मुख्य गुन्हा फसवणुकीचा असतो: 1 जुलै 2024 नंतरचा व्यवहार असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम 318, त्याआधीचा असेल तर जुने 420. फसवणुकीच्या गुन्ह्यात तक्रारदाराचे म्हणणे असते की, एजंटाने पैसे घेतले आणि काम केले नाही. म्हणजे गोष्ट एजंटापाशीच संपते. पैसे वरपर्यंत पोचले असे तक्रारदार म्हणू लागला की प्रकरण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात जाते, आणि तिथे तो स्वतःच अडकतो. 2018 च्या दुरुस्तीनंतर कलम 8 खाली लाच देणाराही आरोपी आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जबरदस्तीने द्यावी लागली हा बचाव आहे, पण सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले असेल तरच. वर्ष-दीड वर्ष नोकरीची वाट पाहून मग पोलीस स्टेशनात आलेल्या माणसाची ही मुदत केव्हाच उलटलेली असते. म्हणून तक्रारी फसवणुकीच्या चौकटीत लिहिल्या जातात आणि वरचे नाव कागदावर येत नाही. यात दरवेळी कोणाचा दबावच असतो असे नाही.

'वजन वापरून काम करून देतो' म्हणून पैसे घेणाऱ्यासाठी त्याच कायद्यात कलम 7अ आहे. ते लावायला एजंट स्वतः सरकारी नोकर असण्याची गरज नाही. एखाद्या प्रकरणात हे कलम वाढवले गेले, तर ती बातमी पहिल्या पानाची. आमच्याकडे ती आतल्या पानावर दोन ओळींत येते.

आता 'चौकशीत नाव घेतले' या प्रकाराबद्दल. अटकेतल्या आरोपीने पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, मग तिच्यात कितीही मोठे नाव असो. पोलिसांनी लिहून घेतलेला साक्षीदाराचा जबाबसुद्धा स्वतंत्र पुरावा नव्हे. न्यायालयात त्याची विसंगती दाखवण्यापुरताच तो उपयोगी. न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवलेल्या जबाबाला वजन अधिक. त्याहून मोठी खूण म्हणजे कोणी माफीचा साक्षीदार व्हायला अर्ज केला का आणि न्यायालयाने तो मान्य केला का. मधला माणूस फुटल्याखेरीज पैशाची साखळी वरपर्यंत क्वचितच जुळते. साक्षीदार उलटला किंवा मरण पावला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावर लाचेची मागणी आणि स्वीकार सिद्ध करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. पण ही दोन्ही सिद्ध करावीच लागतात, त्यातून सुटका नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो परवानगीत. ही दारे दोन आहेत आणि बातम्यांत त्यांची नेहमी गल्लत होते. पहिले भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचे कलम 17अ, 26 जुलै 2018 पासूनचे. सरकारी सेवकाने कामाचा भाग म्हणून घेतलेल्या निर्णयाची किंवा केलेल्या शिफारशीची चौकशी सुरू करण्याआधीच मंजुरी लागते. राज्याच्या कारभारापुरती ती राज्य सरकारची, म्हणजे मंत्र्याविरुद्धचा कागद त्याच्याच सरकारच्या टेबलावर. लाच घेताना जागीच पकडले तर ही मंजुरी लागत नाही. निवड यादीवरच्या सहीची चौकशी करायची तर लागते. दुसरे दार कलम 19. तपास संपल्यावर न्यायालयाने दखल घेण्याआधीची ही मंजुरी, आणि मंत्र्याबाबत ती राज्यपालांची. मंत्रिमंडळाने नकार दिला तरी पुरावा दिसत असेल तर राज्यपाल स्वतःच्या अधिकारात ती देऊ शकतात, हे मध्य प्रदेशातील प्रकरणात 2004 मध्येच ठरले आहे. दोन्ही ठिकाणी मुदत तीन महिने, लेखी कारण देऊन आणखी एक. कलम 19 ची मुदत टळली म्हणून खटला रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालय 2022 मध्ये म्हणाले. मात्र मंजुरी आपोआप मिळाली असेही होत नाही.

लुई बर्जर या अमेरिकन कंपनीने गोव्यात लाच दिल्याचे प्रकरण आठवा. अमेरिकेच्या न्याय विभागाने जुलै 2015 मध्ये कंपनीवर 1 कोटी 71 लाख डॉलरचा दंड जाहीर केला आणि ऑगस्टमध्ये इथे एका माजी मंत्र्याला अटकही झाली. तेव्हा पद सोडलेल्या माणसासाठी कलम 19 ची मंजुरी लागत नसे. 2018 नंतर माजींनाही ते कवच मिळाले. त्या वेगावरून आजचा अंदाज बांधणारे इथेच चुकतात.

मराठी बातमीतले शब्दही सांभाळायला हवेत. गुन्हा नोंद होणे, आरोपपत्र दाखल होणे आणि आरोप निश्चित होणे या तीन वेगळ्या पायऱ्या. आरोपपत्र पोलिसांचे असते. आरोप न्यायाधीश निश्चित करतो, आणि त्याआधी आरोपी दोषमुक्तीचा अर्ज करू शकतो. तिन्हींपैकी कशानेही आमदारकी जात नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली ती जाते दोषी ठरल्यावर, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या लिली थॉमस निकालापासून लगेच. पोलिसांनी तपास बंद करताना 'ए फायनल' अहवाल दिला, तर त्याचा अर्थ गुन्हा घडला पण छडा लागला नाही. 'बी' म्हणजे तक्रार खोटी, 'सी' म्हणजे गैरसमजातून केलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. तिन्हींना सरसकट 'क्लीन चिट' म्हणून छापणे चूक आहे.

वाचकाला हे घरबसल्या तपासता येते. उमेदवाराच्या फॉर्म 26 प्रतिज्ञापत्रात प्रलंबित गुन्हे आणि आरोप निश्चित झाले का, हे लिहिणे बंधनकारक आहे. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते मिळते. त्यातला खटला क्रमांक घेऊन ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर शोधा. प्रत्येक खटल्याचा वेगळा असा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक हाताशी असेल तर उत्तम, कारण नावावरून शोधताना स्पेलिंग बदलले की खटला सापडत नाही. 'पुढील तारीख' आणि 'टप्पा' हे दोन रकाने वाचा. खटला मागे घेतल्याची चर्चा असेल तर उच्च न्यायालयाचा आदेश शोधा, कारण 10 ऑगस्ट 2021 पासून आमदार-खासदारांवरचा खटला त्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही.

आपल्या वार्ताहरांना एवढेच सांगावे: नेत्याचे नाव छापताना कलम कोणते, 17अ चा अर्ज कोणत्या तारखेला गेला आणि तो आज कोणाकडे पडून आहे, या तीन गोष्टी त्याच बातमीत द्याव्यात. अर्ज गेलाच नसेल तर तसे लिहावे.

आपला,
फौजदारी न्यायालयांत वकिली करणारा एक वाचक,
म्हापसा