सुहासला पत्र: समितीच्या खोलीतलं कामकाज

नौपाडा, ठाणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. संसदेत नुसता गोंधळ चालतो, कायदे चर्चेविना मंजूर होतात, हा तुझा संताप मला पटतो. पण टीव्हीवर दिसतं ते फक्त सभागृह. स्थायी समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. तिथे कॅमेरा नसतो, म्हणूनच पक्ष बाजूला ठेवून बोलता येतं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे स्थायी समिती म्हटलं की महापालिकेची आठवते. सोळा नगरसेवकांची, टेंडरं मंजूर करणारी. संसदेच्या समितीला एक रुपयाही खर्चायला मंजुरी देता येत नाही. सरकारी खात्यांवर लक्ष ठेवणाऱ्या अशा समित्या 1993 मध्ये 17 होत्या, 2004 पासून 24 आहेत. प्रत्येकीत 31 खासदार, 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे. मंत्री एकही नाही. खात्याच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे त्यानं वर्षाच्या खर्चासाठी मागितलेले पैसे, तपासायच्या, विधेयक कलमवार वाचायचं, सचिवांना समोर बसवून जाब विचारायचा. शिफारस सरकारवर बंधनकारक नाही, हे मात्र खरं.

तरी जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं बघ. ऑगस्ट 2023 मध्ये विधेयक आलं, गृह खात्याच्या समितीकडे गेलं. अहवालानंतर सरकारनं ते मागे घेऊन डिसेंबरात सुधारून मांडलं. व्यभिचार पुन्हा गुन्हा ठरवा आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही लावा, ही शिफारस मात्र मानली नाही.

अहवालावर मंत्रालयाला तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. मग समिती कार्यवाही अहवाल काढते. त्यात मान्य झालेल्या शिफारशी वेगळ्या, समितीनं आग्रह सोडलेल्या वेगळ्या, आणि एक प्रकरण समितीला न पटलेल्या उत्तरांचं. तू आधी तेच उघड. कुठलं खातं कुठे टोलवाटोलवी करतंय, ते तिथे छापील सापडतं.

मला सलतं ते दुसरंच. विधेयक समितीकडे पाठवण्याची सक्ती नाही. 2020 चे शेती कायदे गेलेच नाहीत. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले आणि 2021 मध्ये कायदे रद्द झाले. समितीपुढे त्यांच्या संघटनांची साक्ष झाली असती, तर त्यांचं म्हणणं मतदानाआधी नोंदीवर आलं असतं. आपल्या खासदाराला मत मागायला आल्यावर हेच विचारायला हवं: विधेयक समितीकडे पाठवा, असं तुम्ही कधी म्हणालात का?

विधेयकावर सूचना मागवणाऱ्या समितीच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात. निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत लागतं. तुझी इतक्या वर्षांची वकिली आहे. पुढची जाहिरात दिसली की कळवतो. तू मुद्दे मराठीत काढ, हिंदी मी करतो.

तुझा,
अविनाश